आजी-आजोबा आणि नातवंडांचा व्यायामवर्ग, विश्रामबाग (सांगली) : तीन महिन्यांचा अनुभव

संक्रांतीच्या दिवशी पाटावर जेवायला बसलो आणि उठताना सुनेचा हात धरावा लागला. वय ६७. कारखान्यात काट्यावर नोकरी केली, रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आमराईत फिरतो, त्यामुळं तब्येतीची काळजी नाही असं धरूनच चाललो होतो. त्या दिवशी मनात धस्स झालं. नातू नऊ वर्षांचा. शाळेत रिक्षानं, ट्यूशनला गाडीवर, उरलेला वेळ मोबाईल. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पोराला धाप लागायची. म्हणून दोघांचीही नावं एकदमच घातली.

वर्ग एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. जोडीचे महिन्याला बाराशे रुपये.

पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. बिनहाताच्या साध्या खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात छातीवर घ्यायला लावले आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजलं. मोजायला नातू. "आबा, आठ!" माझ्या वयाच्या पुरुषाचा आकडा बाराच्या खाली असेल तर पडण्याचा धोका जास्त, असं मॅडमनी समजावून सांगितलं. मी म्हटलं, मी रोज चालतो की. त्या म्हणाल्या, "चालणं सोडू नका काका, त्यानं दम टिकतो. पण मांडीची ताकद आणि तोल यांना वेगळं काम द्यावं लागतं." जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली हेच सांगितलंय. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम तर करावाच, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवणारा खेळ हवा, आणि त्यातले तीन दिवस हाडांना, स्नायूंना जोर लावणारा.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार पट्टीवरून चालण्याचा. फरशीवर लांब चिकटपट्टी लावलीय. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत त्यावरून जायचं. पहिल्या आठवड्यात चौथ्या-पाचव्या पावलाला माझा डावा घोटा लटलटायला लागायचा. नातू शेजारून चालतो, त्याचा तळवा माझ्या कोपराखाली. पण तो धरत नाही, बोटभर अंतर ठेवतो. मॅडमनी त्याला तसं बजावलंय : तू धरलंस तर आबांचा पाय काम करणार नाही, तोल गेला तरच धर. नऊ वर्षांचं पोर डोळ्याची पापणी न हलवता माझ्या पायाकडं बघत चालतं. मग त्याच पट्टीवरून तो लंगडी घालत परत येतो.

मुलांना वजनं देत नाहीत, हे मला पटलं. दोरीवरच्या उड्या, लंगडी, बारला लोंबकळणं, एवढंच. उडी मारल्यावर हाडाला जो हिसका बसतो त्यानंच ते भक्कम होतं, आणि हाडांची बहुतेक बेगमी विशीच्या आतबाहेर होऊन जाते. पुढं आयुष्यभर त्यातलंच खर्चायचं असतं.

आम्हा मोठ्यांच्या व्यायामाचा कणा म्हणजे खुर्चीवरची बैठक. बैठक तर आपल्या तालमीतलीच. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ ला जकार्ता एशियाडमध्ये सोनं आणलं, आमचे वस्ताद बैठका मारून घेताना त्यांचंच नाव घ्यायचे. पुढं नोकरी लागली, संसार सुरू झाला आणि बैठका सुटल्या. त्या तेव्हाच चालू ठेवायला हव्या होत्या, याची आता फार हळहळ वाटते.

दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. सुरुवातीला कुणीही औषधं विचारली नाहीत. मी बीपीची गोळी घेतो. दुसऱ्या आठवड्यात चटईवर पडून करायचे व्यायाम झाले, झटकन उभा राहिलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंत जवळ होती म्हणून निभावलं. मॅडमनी चूक मान्य केली. आता प्रत्येकाची गोळ्यांची यादी लिहून घेतात आणि चटईवरून उठण्याआधी मिनिटभर बसवून ठेवतात. दुसरी तक्रार अजून तशीच आहे. हॉल पहिल्या मजल्यावर आणि जिन्याला एका बाजूनं कठडाच नाही. म्हाताऱ्या माणसांचा वर्ग आणि जिना असा! जागेच्या मालकाला मी स्वतः दोनदा सांगितलंय.

परवा पुन्हा खुर्ची झाली. तेरा. पाटावरून आता हाताचा टेका न घेता उठतो. नातू सलग ऐंशी उड्या मारतो आणि रविवारी माझ्याबरोबर आमराईत येतो.

नाव घालायचं असेल तर हे बघा : गुडघ्याचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. गुळगुळीत तळाची चप्पल नको, मागं पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. आणि कठडा बसेपर्यंत जिना उतरताना भिंतीच्या बाजूनंच उतरा.