मोंढ्यातलं बियाण्याचं दुकान, बॅग द्यायच्या आधी रान विचारणारं

मिरगाचा पहिला पाऊस पडला की मोंढ्यात जी झुंबड उडते ना, त्यात भल्याभल्यांचा विचार गडबडतो. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बॅगा दिसल्या की वाटतं आपणच मागं राहिलो, अन् मग जो वाण संपत आलाय तोच पाहिजे असं होतं. लातूर जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या मोंढ्यात एक कृषी सेवा केंद्र आहे, असल्या घाईत गिऱ्हाइकाला थांबवणारा दुकानदार मी तिथंच बघितला.

आमच्या अण्णांना सोयाबीनचं फुले संगम हेच वाण पाहिजे होतं, कारण पाव्हण्यांच्या रानात ते जोरात आलतं. मालकांनी बॅग काढलीच नाही, आधी विचारलं, "अण्णा, रान कसं हाय तुमचं? पाणी हाय का?" आमचं रान हलकं, मुरमाड, सगळं पावसावर, अन् पाव्हण्यांची काळी जमीन, विहिरीला पाणी. या वाणाला दिवस जरा जास्त लागतात, शेवटी पावसानं ओढ दिली की हलक्या रानात शेंगा भरत नाहीत, हे त्यांनी नीट समजावलं अन् म्हणले घरचं बी ठेवलंय का. होतं, परभणी विद्यापीठाचं एमएयूएस 71 हे वाण. सोयाबीन सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नाही, त्यामुळं दरवर्षी नवी बॅग घ्यावीच लागते असं नाही, पण हे बॅगा विकणारा माणूस सांगतो याला मोठं मन लागतं.

अण्णांना मात्र धाकधूक. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात कितीतरी जणांचं सोयाबीन उगवलंच नाही, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतलती, आमच्याही नशिबी दुबार पेरणी आली. तेव्हापासून कुठल्याच बियाण्यावर त्यांचा भरवसा बसत नाही. मालकांनी "काही होत नाही" म्हणून विषय उडवला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. म्हणले, भ्या वाटतंय ना, मग मोजा. 100 दाणे ओल्या गोणपाटात रांगेनं ठेवून गुंडाळायचे, ओल धरायची, आठवडाभरानं चांगले कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो, 69 आले तर साडेतीस, 68 ला 31, असं टक्क्याला अर्धा किलो वाढवत जायचं अन् 60 च्या खाली गेलं तर ते बी पेरायचंच नाही. आमचे 80 च्या वर आले, मग कुठं अण्णा तयार झाले.

लोक म्हणतात निर्णय घेताना भावना बाजूला ठेवा, मला ते पटत नाही. बीएडला असताना वाचलेलं, अँटोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञांकडं असा पेशंट होता की कपाळामागच्या मेंदूला इजा, बुद्धी शाबूत पण भावना बोथट, अन् त्याला पुढच्या भेटीची तारीख ठरवायला सांगितली तर दोन तारखांमध्ये किती वेळ नुसता घोळत बसला. अण्णांना भ्या वाटलं नसतं तर त्यांनी दाणे मोजलेच नसते, बॅग उचलून मोकळे झाले असते.

उधारी मिळत नाही अन् ऐन जूनमध्ये काउंटरवर पोरं असतात, त्यांना एवढं समजावायला वेळ नसतो, म्हणून मे मध्येच जा. आम्ही शेवटी बियाण्याला लावायला बुरशीनाशक अन् रायझोबियम हे जिवाणू खत तेवढं घेतलं, तरी पक्कं बिल दिलं, आधी बुरशीनाशक मग रायझोबियम लावून सावलीत वाळवा हे सांगितलं, अन् 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत चाड्यावर मूठ धरायची नाही, म्हणजे पेरायचं नाही, असं अण्णांकडून कबूल करून घेतलं.