फॉग लॅम्पचं रिले वायरिंग किट: एक पावसाळा काढल्यावर

किटमध्ये 40 अँपिअरचा रिले (स्विचच्या छोट्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), फ्यूज होल्डर, स्विच आणि दोन दिव्यांपर्यंत जाणारी तयार वायर येते. दिवे 55 वॅटचे हॅलोजन. पावसाळ्यानंतर बंपर उतरवून सगळं तपासलं तर किटमधलं काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलं होतं ते फिटिंग.

डावा दिवा पिवळट दिसू लागला होता. बल्बांची अदलाबदल केली तरी पिवळेपणा डावीकडेच. मग दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थ पिनेला (जिथून करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो) लावलं. डावीकडे 1.3 व्होल्ट, उजवीकडे 0.1. बसवणाऱ्याने अर्थची थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, रंगावरच कसली होती. संपर्क मिळत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि पाणी लागल्यावर तिथे गंज चढला. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या पावणेचौदा व्होल्टांतला जवळपास दहावा हिस्सा तिथेच जिरत होता. हॅलोजनचं गणित कडक आहे: व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीसेक टक्के घटतो. बल्बला दोष देऊन 100 वॅटचे घालणारे इथेच फसतात, कारण करंट वाढला की त्याच खराब जॉइंटवर आणखी व्होल्टेज पडतं आणि तो तापतो.

उपाय फुकटातला. रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, दातेरी वॉशर घालून थिंबल कसायची आणि वरून पेट्रोलियम जेली फासायची. डावीकडेही आता 0.1 येतात.

दुसरी भानगड जास्त छुपी. स्विचची लाइन पार्किंगच्या वायरीवरून चिमटा कनेक्टरने घेतली होती. त्याचं पातं इन्शुलेशनसोबत दोन-चार तारा कापतं आणि त्या फटीतून ओल शिरते. उघडलं तेव्हा तांबं हिरवं पडलेलं. रिलेच्या कॉइलला जेमतेम 0.15 अँपिअर लागतात, त्यामुळे असा कुजका जॉइंटही बरेच दिवस निभावून नेतो. पुढे खड्ड्यांत रिले टकटक वाजू लागतो आणि लोक रिले बदलून मोकळे होतात. इथे क्रिम्प (दाबून बसवलेला धातूचा जोड) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) हवी. नुसतं शिसं (सोल्डर) लावलं तर ते तारांमधून वर चढून वायर ताठ करतं, आणि हादऱ्याने ती बरोबर त्या ताठपणाच्या कडेला तुटते. काळ्या प्लास्टिक टेपबद्दल काय बोलावं! इंजिनच्या उष्णतेत ती चिकट होऊन सुटते. कापडी टेप घ्या.

किटवरही एक तक्रार आहेच. फ्यूज 30 चा दिला आहे आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची. शॉर्ट झाला तर फ्यूज उडायच्या आधी वायरच वितळू शकते. दोन्ही दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, त्यामुळे 15 चा पुरतो. फ्यूज जपतो तो वायरीला, म्हणून त्याची जागा बॅटरीपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ लावला तर मधली अख्खी वायर उघडीच राहते. रिलेच्या पिना खाली तोंड करून असाव्यात, नाहीतर सॉकेटमध्ये पाणी साचतं.

किट घ्यायला हरकत नाही. बसवून झाल्यावर मात्र पैसे देण्याआधी दिवे चालू ठेवून बॅटरी पॉझिटिव्ह ते दिव्याची पॉझिटिव्ह पिन आणि अर्थ ते निगेटिव्ह अशी दोन मापं घ्या. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टाच्या वर गेली तर बंपर लावू देऊ नका.