कोलेस्टिॲटोमा: कानाची भिंत राखायची की काढायची?

कोलेस्टिॲटोमा म्हणजे कॅन्सर नव्हे. कानाच्या पडद्याच्या खिशात साचत गेलेली कातडी. पण ती हाड खाते आणि थेंबांनी बरी होत नाही. ऑपरेशन ठरलं की प्रश्न उरतो कानाच्या नळीच्या मागच्या, हाडाच्या भिंतीचा.

भिंत राखली तर कानाचा आकार टिकतो, श्रवणयंत्र नीट बसतं, पडदा भरून आल्यावर पोहताही येतं. अडचण एकच, पण मोठी: भिंतीआड कातडीचा कण राहिला तर बाहेरून दिसत नाही. म्हणून साधारण वर्षभरात आत पाहायला दुसरं ऑपरेशन किंवा डिफ्यूजन एमआरआय (राहिलेली कातडी दाखवणारा खास स्कॅन). त्यातही 2-3 मिलिमीटरहून लहान कण निसटतो.

भिंत काढली की मॅस्टॉइड (कानामागचं पोकळ हाड) आणि नळी मिळून एकच पोकळी होते. रोग परतला तर ओपीडीतच मायक्रोस्कोपखाली दिसतो. मात्र दर सहा-बारा महिन्यांनी सक्शनने सफाई हवी, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा हवा. थंड पाणी गेलं तर गरगरतं. मुंबईच्या दमट पावसाळ्यात बुरशीही धरते. पोकळी वाहतच राहिली, तर बहुधा फेशियल नर्व्हवरचा (चेहरा हलवणाऱ्या नसेवरचा) हाडाचा उंचवटा पुरेसा उतरवलेला नसतो किंवा कानाचं तोंड अरुंद राहिलेलं असतं.

आमचा कल? लहान मूल, मॅस्टॉइडमध्ये हवा भरपूर, पालक फॉलोअपला येणारे: भिंत राखा. पालघरच्या आतल्या पाड्यावरून केईएमला पुन्हा येणं कठीण, किंवा ऐकणारा कान तेवढा एकच: काढलेली बरी. तोंड वाकडं झालं असेल तर मात्र आधी तातडीने दाखवा, भिंतीचं नंतर.