फ्लर्ट पोल: चांगलं खेळणं, पण कुत्र्याला पकडू दिलं तरच

एक काठी, तिच्या टोकाला दोरी आणि दोरीला बांधलेली कापडी शेपटी. फ्लर्ट पोल म्हणजे एवढंच. कुत्र्याला झटपट दमवायचं साधन म्हणून ते विकलं जातं आणि गल्लत तिथूनच सुरू होते. दहा मिनिटं शेपटी गरागरा फिरवली, कुत्रं धापा टाकत बसलं, म्हणजे काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ते दमलेलं असतं, पण शांत झालेलं नसतं. शेपटी एकदाही तोंडात न आलेलं कुत्रं थोड्या वेळानं उशी फाडतं, नाहीतर घरात चालणाऱ्यांच्या पावलांवर झडप घालतं.

कारण त्याच्या स्वभावातच आहे. रेमंड कॉपिंजर या जीवशास्त्रज्ञानं शिकारीच्या वर्तनाची साखळी नीट उलगडून दाखवली आहे: चाहूल घेणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, तोंडात पकडणं, मारण्यासाठी चावणं, फाडणं आणि खाणं. माणसानं जाती घडवताना यातल्या काही कड्या ठळक केल्या, काही दाबल्या. बॉर्डर कोलीत नजर रोखणं, दबकणं आणि पाठलाग अतिशय तीव्र, चावणं मात्र दाबलेलं. रिट्रीव्हरला तोंडात धरून मिरवायचं असतं. टेरियर पकडलेली वस्तू मान झटकून झटकून हलवतो. आणि मेंढ्यांच्या कळपाची राखण करणाऱ्या जातींचा कुत्रा या शेपटीकडे एकदा बघून मान फिरवतो. तो आळशी नाही. त्याच्यात ही ओढच मुळात मंद ठेवलेली आहे आणि त्याच्यासाठी हे खेळणं घेण्यात अर्थ नाही.

बाकीच्यांसाठी मात्र आमचं मत स्पष्ट आहे: इतक्या साध्या वस्तूत इतकं काम करणारं दुसरं खेळणं नाही. लेझरच्या ठिपक्याशी तर याची तुलनाच नको. ठिपका कधीच पकडता येत नाही आणि काही कुत्री त्यापायी सावल्या आणि कवडसे हुंगत, शोधत बसायला लागतात. इथं शेपटी पकडता येते, धरता येते, झटकता येते.

घेताना आधी टोक बघा. पाइपमधून दोरी ओवलेल्या प्रकारात पाइपची कड धारदार राहिली असेल तर दोरी तिथेच झिजते आणि ऐन ओढाताणीत तुटते. एकात एक सरकणारी घडीची काठी ठेवायला सोयीची, पण मोठ्या कुत्र्याच्या हिसक्यानं तिचे सांधे सैल होतात. मध्यम कुत्र्यासाठी 90 सेंटिमीटर ते सव्वा मीटर काठी आणि साधारण तेवढीच दोरी पुरते. दोरी फार लांब असली की कुत्र्याच्या पायांत अडकते. सगळीच दोरी ताणणारी रबरी असेल तर घेऊ नका: कुत्र्यानं ताणून अचानक सोडली की शेपटी सटकन चेहऱ्यावर येते. विणलेली दोरी आणि काठीजवळ ताणणारा एक छोटा तुकडा ही जोडणी उत्तम, कारण तो तुकडा दातांना आणि मानेला बसणारा हिसका शोषून घेतो. दोरीला पीळ बसू नये म्हणून फिरती कडी हवी, पण ती काठीच्या बाजूला. शेपटीजवळ धातूचा हुक असेल तर दाताचा टवका उडू शकतो. शेपटी फ्लीसच्या, म्हणजे मऊ लवदार कापडाच्या पट्ट्यांची, वेणीसारखी घट्ट विणलेली आणि बदलता येणारी असावी. आत शिटी, कापूस किंवा प्लॅस्टिकचे डोळे नकोत.

आता वापर. शेपटी जमिनीवर ठेवा आणि कुत्र्यापासून दूर सरकवा. ती त्याच्या तोंडाशी नाचवू नका, भक्ष्य कधी आपणहून शिकाऱ्याकडे येत नाही. मोठी, सैलसर वर्तुळं घ्या आणि दिशा हळूहळू बदला. हवेत उडवलेल्या शेपटीमागे कुत्रं उडी मारतं, अंग पिळवटून मागच्या पायांवर उतरतं आणि गुडघ्याचा अस्थिबंध दुखावण्याची वेळ हीच. जमीन गवताची किंवा मातीची हवी, फरशी नको. भरपेट खाणं झाल्यावर लगेच खेळवू नका.

दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला शेपटीचा वेग कमी करा आणि पकडू द्या. मग दोरी सैल सोडा. दहा-पंधरा सेकंद त्याला धरू द्या, झटकू द्या, मिरवू द्या. त्यानंतर काठी खाली ठेवून शेपटी अगदी निश्चल करा, म्हणजे ‘भक्ष्य’ मेलं. खाऊ नाकाशी न्या, तोंड उघडताक्षणी ‘सोड’ म्हणा आणि खाऊ द्या. कुत्रं बसलं किंवा क्षणभर थांबलं की खेळ पुन्हा सुरू. काही दिवसांत खाऊची गरज उरत नाही, खेळ पुन्हा सुरू होणं हेच बक्षीस ठरतं. ऐन उसळीत स्वतःला आवरायला कुत्रं इथं शिकतं आणि या खेळण्याची खरी किंमत आमच्या लेखी तीच आहे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला एका वेळी पाच मिनिटं खूप झाली. शेवटी गवतात मूठभर खाद्य पसरून द्या. हुंगून हुंगून ते शोधताना श्वास आपोआप संथ होतो.

पिल्लांचं गणित वेगळं आहे. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक स्कॉट आणि फुलर यांनी 1965 साली मांडलेल्या अभ्यासानुसार साधारण 3 ते 12 आठवडे हा पिल्लाच्या सामाजिक घडणीचा नाजूक काळ. या वयात डोक्यावर हलणारी काठी पाहून पिल्लू दबलं, शेपूट पायांत घातली, तर काठी बाजूला ठेवा आणि नुसती कापडाची पट्टी हातानं जमिनीवर सरकवा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलत असतात, तेव्हा ओढाताण नको. लहान जातींत साधारण वर्षापर्यंत, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत हाडं वाढत असतात, तोवर उड्या आणि झटकन वळणं बंद. एका वेळी दोन मिनिटं पुरे.

दोन कुत्र्यांना एकत्र मात्र कधीच खेळवू नका, कितीही जीव लावणारी असली तरी. वस्तू एक, उत्तेजना टोकाची आणि चावा जवळच्यावर वळायला क्षण पुरतो. खरा खेळ ओळखू येतो: पुढचे पाय पसरून ढुंगण वर करणं, मध्येच थांबणं, पळणारा आणि पकडणारा यांची अदलाबदल. याउलट अंग ताठ, शेपटीवर मान रोखलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणारा आणि ओठ किंचित वर उचललेला, म्हणजे खेळ संपून शेपटी ‘माझीच’ म्हणून राखणं सुरू झालं आहे. हात घालून ओढू नका. थोड्या अंतरावर खाऊ टाका, कुत्रं उठलं की मगच शेपटी उचला. दुसऱ्या कुत्र्याची पाळी दाराआड थांबून. लहान मुलांच्या हातातही काठी देऊ नये.

सायकलीमागे धावणारं कुत्रं यानं आपोआप सुधारत नाही. इथं पक्कं झालेलं ‘थांब’ पुढे पट्टा लावून, सायकलीपासून बऱ्याच अंतरावर वेगळं शिकवावं लागतं.

खेळ संपला की काठी कपाटात. ती समोर पडून राहिली तर कुत्रं दोरी चावून गिळतं आणि गिळलेली दोरी आतड्यात अडकली की शस्त्रक्रियेची वेळ येते. गाठ आणि टोक दर वेळी बघा. दोरीचे धागे सुटायला लागले की शिवत बसू नका, नवी घाला.