माडाच्या बागेतलं बोहो लग्न: एका पावसाळ्यानंतर काय टिकलं

जानेवारीत वेंगुर्ल्याजवळ मामाच्या माडाच्या बागेत आमचं लग्न झालं. सजावट बोहो, म्हणजे बोहेमियन थाटाची होती. मातकट लाल, मोहरीचा पिवळा आणि कोऱ्या सुताचा रंग, बाकी सगळं दोरी, वेत, बांबू आणि पानं. त्यातल्या बहुतेक वस्तू आता आमच्या घरात रोज वापरात आहेत. मुद्दाम पावसाळा सरायची वाट पाहिली आणि मगच लिहायला बसले. कोकणातला पाऊस बघितल्याशिवाय दोरी किंवा वेताबद्दल कुणी खात्रीने काही सांगू नये.

एक गोष्ट आम्ही आधीच पक्की केली होती. जे नंतर घरात वापरता येईल तेच विकत घ्यायचं आणि भाड्याने कमीत कमी आणायचं. एका डेकोरेटरचं पॅकेज पाहिलं होतं. त्यात प्लास्टिकची पानं, पॅम्पस गवताचे रंगवलेले तुरे आणि मॅक्रमेचा, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेला पडदा होता, सगळं एका संध्याकाळच्या भाड्यावर. त्या पैशांत थोडी भर घातली की वस्तू आपलीच होत होती. बोहो करायचंच तर ते असंच करावं, असं माझं ठाम मत आहे. हाताने केलेल्या वस्तूंवर ही सजावट उभी असते. ती ट्रकमधून येऊन पहाटे ट्रकमधूनच परत गेली तर त्यात आपलं काय राहिलं?

सगळ्यात जास्त सांगायचंय ते मॅक्रमेबद्दल. पडदा आम्ही घरीच विणला. मावशीच्या पिढीने ऐंशीच्या दशकात नायलॉनच्या चकचकीत दोरीची शिंकाळी आणि झुले भरपूर केले होते. त्यामुळे चौकोनी गाठ तिच्या बोटांतच होती आणि तिने ती मला आणि वहिनीला एका दुपारी शिकवली. दोरीचा अंदाज मात्र नीट घ्या. तयार लड जेवढी हवी त्याच्या साधारण आठपट दोरी कापून ती काठीवर दुमडून अडकवायची. म्हणजे पाच फुटांच्या लडीला चाळीस फूट. हे लक्षात न घेता दोरी मागवली की निम्म्यावर संपते, आणि दुसऱ्या खेपेच्या सुताचा रंग पहिल्याशी जुळेलच असं नाही. आम्ही पाच मिलिमीटरची एकपदरी सुती दोरी घेतली. कंगव्याने विंचरली की तिच्या झालरी फार सुंदर मोकळ्या होतात. तीनपदरी पिळाची दोरी जास्त दणकट असते, पण तिची झालर तेवढी मऊ पडत नाही.

लग्नानंतर पडद्याचे दोन भाग केले. एक बैठकीच्या भिंतीवर लावला आणि एक खिडकीच्या आडव्या दांडीला. जुलैअखेर भिंतीवरच्या भागाला मागून काळे ठिपके आले. खिडकीतला मात्र स्वच्छ राहिला, कारण त्याला दोन्ही बाजूंनी वारा लागत होता. ठिपके असलेला भाग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून भिजवला, न पिळता निथळू दिला आणि पंख्याखाली आडवा पसरून वाळवला. बरेचसे डाग गेले, थोडे अजून दिसतात. आता काठीच्या दोन्ही टोकांना मागून लाकडाचे ठोकळे लावलेत, त्यामुळे पडदा आणि भिंत यांच्यात दोन बोटं फट राहते. पावसाळी गावात राहत असाल तर हे पहिल्या दिवशीच करा.

पॅम्पस घेऊ नका. हे गवत मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. न्यूझीलंडमध्ये तर ते इतकं पसरलं की त्याच्या लागवडीवर आणि विक्रीवर बंदी आहे. आम्ही थोडं घेतलं होतं, फोटोत छान दिसलं. पण घरात आल्यावर त्याचा कापूस झडत राहिला, आईला शिंका सुरू झाल्या आणि दमट हवेत तुरे केविलवाणे चिकटून बसले. आता ते घरात नाही. त्याऐवजी आपल्याकडे नदीकाठी पावसाळा संपता संपता काशाचं गवत फुलतं. तुरे पुरते पिकायच्या आत कापून उलटे टांगून सुकवले तर जानेवारीपर्यंत चांगले राहतात. कोरड्या गवताबद्दल आणखी एक महत्त्वाचं. ते भुरुभुरु पेटतं, आणि आपल्या लग्नात होम असतो. आमच्या गुरुजींनी मंडपाची आखणी पाहून होमाची जागा दोरी-गवतापासून चांगली लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घ्यायला लावली. बोहो सजावट करणाऱ्याने गुरुजींशी हे बोलणं आधी करायलाच हवं. पाण्याच्या बादल्याही जवळ ठेवा.

मुहूर्त गोरज होता. जानेवारीत तिकडे सव्वासहानंतर सूर्य बुडतो. होमाला आपण पूर्वेकडे तोंड करून बसतो, त्यामुळे पाठीमागे आपोआप पश्चिम, म्हणजे माडांच्या खोडांमधून दिसणारा समुद्र. पडदा आम्ही त्या बाजूला लावलाच नाही, पाहुण्यांच्या स्वागताच्या वाटेवर लावला. फोटोग्राफरला मात्र आधी सांगून ठेवा, कारण उजेड कॅमेऱ्यावर समोरून येतो. आणि बागेतच लग्न असेल तर वरचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या आदल्या दिवशी उतरवून घ्या. मामाने ते सगळ्यात आधी करून घेतलं होतं.

सजावटीतलं माझं सगळ्यात आवडतं काम मामाच्या घरच्यांनी केलं. गणपतीत देवाच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिच्यासारखीच लाकडी पट्ट्यांची चौकट मंडपात टांगली. तिला नारळाच्या पेंडी, पिवळ्या सुपारीचे घोस, केळीचा घड, अननस आणि आंब्याचे टहाळ बांधले. मधल्या पट्टीला केळफूल उलटं लटकत होतं, त्याची एक जांभळी पाकळी उकलून वर वळलेली. त्या चौकटीखाली उभं राहिल्यावर कुठल्याच परदेशी फोटोची आठवण झाली नाही. नारळ-केळी दुसऱ्या दिवशी जेवणात गेली, सुपाऱ्या आजीने वाळवून ठेवल्या. कचरा म्हणून काही उरलं नाही.

कपड्यांत फार वेगळेपणा केला नाही. लग्नाला मामाकडची पिवळी अष्टपुत्रीच नेसले, ती या रंगांत आपसूक बसली.

जमिनीवरच्या बैठकीसाठी सोलापुरी सतरंज्या आणि खणाच्या अभ्र्यांचे लोड-तक्के होते. ज्येष्ठांसाठी खुर्च्या मागे वेगळ्या मांडल्या, त्या हव्यातच. सतरंज्यांबद्दल तक्रार शून्य. धुतल्या, वाळवल्या, रोज अंथरतो. खण घेताना जपून. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण आणि बाजारात त्याच नावाने मिळणारं पॉलिस्टर यांत फरक आहे. एक धागा ओढून जाळून पाहा. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते, सुताची राख होते. आमचे हातमागाचे अभ्रे पहिल्या धुण्यात रंग सोडत होते, म्हणून ते मीठ घातलेल्या गार पाण्यात वेगळे धुतले. रंग थोडा उतरला, पण पोत अजून तसाच आहे.

वेताची मोठ्या पाठीची खुर्ची, जिच्यावर बसून प्रत्येकाने फोटो काढला, ती आता गॅलरीत आहे. तिला आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसते आणि पावसाआधी जवसाच्या तेलाचा हात दिला होता. ती उत्तम आहे. कमानीचे बांबू मात्र एका जागी पूड टाकायला लागले. बांबूच्या खाली पिवळसर बारीक पीठ साचलेलं दिसलं की आत कीड आहे असं समजा. बांबू प्रक्रिया केलेलाच मागा. कुडाळला कॉनबॅक या बांबूचं काम करणाऱ्या संस्थेमुळे ते काम नीट जाणणारे लोक त्या भागात आहेत, तिकडे लग्न असेल तर आधी तिथे चौकशी करा.

दिव्यांच्या माळा पिवळसर उजेडाच्याच घ्या, 2700 केल्व्हिनच्या. पांढऱ्या उजेडात सुताचा रंग मेल्यासारखा दिसतो. आम्ही माळा बागेतच ठेवल्या, किनाऱ्याकडे एकही दिवा नेला नाही. हिवाळ्यात सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि उजेडाने ती बिचकतात, पिल्लं तर दिशाच चुकतात. वाळूवर मांडव घालायचा विचार करत असाल तर या कारणासाठी तो सोडून द्या. शिवाय किनाऱ्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-वापराचे नियम आहेत आणि उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात. आमच्याकडे सनई-चौघडा होता, तो त्याआधीच आटोपला.

या हंगामात लग्न असेल तर दोरी आत्ताच मागवा आणि सगळी एकाच खेपेची घ्या. विणायला घरातली चार माणसं लागली तरी पडद्याला वेळ लागतो.