मोठ्यांचे डायपर: सात महिन्यांचा अनुभव, आणि गळती नेमकी कुठून होते

मार्चमध्ये सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला आणि घरात मोठ्यांचे डायपर सुरू झाले. सात महिन्यांत चार कंपन्यांचे वापरून झाले, सगळे चिकटपट्टीचे. अंथरुणावरच्या माणसाला पँटसारखा डायपर चढवणं फार जिकिरीचं होतं.

पहिले दोन महिने रोज पहाटे चादर ओली. डायपर कमी शोषतो असं वाटून जास्त शोषणारे, महागातले आणले. तरी मांडीकडून गळतच होतं. शेवटी एक नवा डायपर वर्तमानपत्रावर उभा कापला. आत कापसासारखा लाकडाचा लगदा आणि त्यात साखरेसारखे पांढरे कण, सोडियम पॉलीॲक्रिलेटचे. लगदा झटकून अर्धा चमचा कण गोळा केले, त्यावर पेलाभर साधं पाणी ओतलं. बघता बघता सगळं जेलीसारखं घट्ट झालं. तेवढ्याच कणांवर मिठाचं पाणी ओतलं तर अर्ध्याहून जास्त तसंच उरलं. लघवीत क्षार असतातच, म्हणून साध्या पाण्यावर मोजलेली क्षमता आईंच्या कामाची नव्हती.

दुसरं लक्षात आलं ते म्हणजे कण पाणी ओढायला वेळ घेतात. तेवढा वेळ लघवी अडवून धरायची ती मांडीजवळच्या उभ्या, इलॅस्टिक लावलेल्या कडांनी. त्या कडाच आमच्याकडून आत दुमडल्या जात होत्या! हे दाखवलं आईंना सांभाळायला येणाऱ्या मावशींनी. डायपर लांबीत दुमडून घ्यायचा, आईंना कुशीवर करून मागून सरकवायचा आणि पट्टी लावण्याआधी दोन्ही मांड्यांच्या सांध्यातून बोट फिरवून कड बाहेर काढायची. त्या आठवड्यापासून चादर बहुतेक रात्री कोरडी आहे. मापही चुकलं होतं. आजारपणात मांड्या बारीक झाल्या होत्या आणि आम्ही जुन्या अंदाजाने लार्ज आणत होतो. मीडियमवर आलो आणि फट राहिनाशी झाली.

पातळ संडास मात्र वेगळंच प्रकरण आहे. कण ओढतात ते पाणी. मळ वरच राहतो आणि झोपलेल्या माणसाच्या पाठीकडे सरकतो. चारपैकी एकाच कंपनीच्या डायपरला मागे कमरेशी इलॅस्टिक आहे. बाकीच्या तिघांनी ते का दिलं नाही, याचा मला अजून राग येतो. पाठ भरल्यावर रात्री दोन वाजता आईंना पुसून घेताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

ओलेपणा दाखवणारी पिवळी रेघ निळी होते, ती सोय चांगली आहे. पण मळाचं ती सांगत नाही, म्हणून दर तीन तासांनी उघडून बघतोच. पावडर किंवा तेलाचा हात पट्टीला लागला तर ती चिकटत नाही, हेही अनुभवाने कळलं.

2016 च्या घनकचरा नियमांत पाकिटाबरोबर वापरलेला डायपर टाकायची पिशवी द्यायचा उल्लेख होता. आम्हाला चारपैकी एकाही पाकिटात मिळाली नाही. पुण्यात आम्ही कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळं देतो, म्हणजे कचरावेचक ताईंना ते उघडावं लागत नाही.

सध्या दिवसा साधा आणि रात्री मागे इलॅस्टिक असलेला, असं चालू आहे. दुकानात सुटा नमुना मिळाला तर मांडीची कड बोटाने ओढून सोडा. परत उभी राहिली नाही तर ते पाकीट घेऊ नका.