घरची मिनी बाईक: पंपाचं इंजिन, मोपेडचं, शंभर सीसीचं की इलेक्ट्रिक मोटर?

भंगारातून मिनी बाईक बनवायची ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो: पळेल किती? रस्त्यावर न्यायचीच नाही अशा गाडीला हा प्रश्न कामाचा नाही. ती किती हळू चालेल, हे विचारा. नांगरट, बांधाचा चढ, ओढ्यातले गोटे, पावसाळी चिखल, इथे गाडी ताशी पाच-दहा किलोमीटरनेच चालते आणि घरी बनवलेल्या गाड्या बिघडतात त्या याच वेगात. क्लच जळतो, चेन उतरते, इंजिन तापतं. म्हणून खालची तुलना आधी या कसोटीवर, मग बाकीच्या गोष्टींवर.

हिशोब एकसारखा राहावा म्हणून चाक सगळीकडे एकच धरलं आहे: रिक्षाचं ४.००-८. बाहेरचा व्यास साधारण ४१ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे १.२९ मीटर पुढे जाते. या मापाचा मोठा फायदा असा, की पॉवर वीडरचे खोल नक्षीचे टायरही ४.००-८ मध्येच मिळतात. रिक्षाची रिम आणि वीडरचा टायर, ही जोडी मातीत फार छान पकडते.

पंपाचं इंजिन

मिनी बाईक म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती हीच रचना: आडव्या शाफ्टचं, दोरी ओढून सुरू होणारं १६३ सीसीचं होंडा जीएक्स १६० किंवा त्याच घडणीचं दुसरं एखादं. खाली चार बोल्टांची बैठक असते, भोकांची मापं १६२ बाय ७५.५ मिमी. पाच मिमीची पट्टी आडवी वेल्ड केली की इंजिन बसलं. वायरिंग जवळपास नाही. पंखा फ्लायव्हीलवरच असल्याने गाडी उभी असली तरी हवा मिळते, ही एप्रिल-मेच्या उन्हात मोठी जमेची बाजू.

घेताना आधी शाफ्ट बघा. पाण्याच्या पंपाला थेट जोडलेल्या इंजिनाचा शाफ्ट बहुधा आट्यांचा असतो, जनरेटरचा निमुळता. दोन्हींवर क्लच बसत नाही. बेल्ट-पुलीवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं इंजिन शोधा. त्याचा शाफ्ट सरळ आणि चावीच्या (क्लचला शाफ्टवर घसरू न देणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) गाळ्याचा असतो. तरीही व्हर्नियर लावून मोजा. काही इंजिनांचा शाफ्ट २० मिमी, काहींचा पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. पाऊण इंची क्लच २० मिमीच्या शाफ्टवर ठोकून चढत नाही, आणि २० मिमीचा क्लच बारीक शाफ्टवर ढिला बसून आठवड्यात चावी कापतो. लेथवर भोक वाढवून घेता येतं, पण क्लचचा ड्रम आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) वेगळे करूनच. रॉकेलवर चालणारं इंजिन टाळा. कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे ताकदही कमी.

आता हळू चालण्याची कसोटी. साधा सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा, २००० आरपीएमच्या (मिनिटाला २००० फेऱ्यांच्या) आसपास पकडतो. त्यावर १० दात्यांचं स्प्रॉकेट, मागे बाईकचं ४४ दात्यांचं, थेट चेन. बरेच जण असंच बसवतात. प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) झालं ४.४. म्हणजे क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडी ताशी ३५ किलोमीटरवर गेलेली असायला हवी. त्याखाली क्लच सतत घासतोय. माळावर मजा येते, पण पहिल्याच बांधावर जळक्या लायनरचा वास येतो, ड्रम निळा पडतो आणि गाडी जागची हलत नाही. दोष क्लचचा नाही, प्रमाणाचा आहे.

मागे ८० दात्यांचं चक्र लावून हे सुटत नाही. अर्धा इंच पिचच्या चेनसाठी त्याचा व्यास ३२ सेंटिमीटर होतो, चाक ४१ चं; म्हणजे चक्र जमिनीपासून जेमतेम साडेचार सेंटिमीटरवर, आणि चेन दगडावर. उपाय म्हणजे मधला शाफ्ट. २० मिमीचा ईएन-८ पोलादाचा रॉड आणि बैठकीसकट येणाऱ्या दोन यूसीपी २०४ बेअरिंगा, मळणीयंत्राचे पार्ट विकणाऱ्या दुकानात सहज मिळतात. क्लचचे १० दाते, मधल्या शाफ्टवर २४. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला स्प्लेंडरचं १४ दात्यांचं पुढचं चक्र, चाकावर ४४. एकूण प्रमाण साडेसात. ३६०० आरपीएमला वेग ताशी ३७, क्लच पकडतो ताशी २० ला. सुधारणा झाली, पण नांगरटीत हातानं ढकलत न्यायच्या वेगाला अजूनही क्लच घासणारच. एका गिअरच्या गाडीची ही मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच हे इंजिन घ्यावं.

दुसरी मर्यादा तेलाची. या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडचा चमचा तेल उडवतो. चालवण्याची मर्यादा साधारण २० अंश कलाची. लांब उभ्या चढावर तेल एका बाजूला जातं. ऑइल अलर्ट, म्हणजे तेल कमी झाल्याचं ओळखणारा सेन्सर, असेल तर इंजिन आपोआप बंद पडतं, नसेल तर रॉड जाम होतो.

आणि इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढू नका. जास्त आरपीएमसाठी तो काढायचे सल्ले खूप मिळतात, पण मूळचा रॉड आणि बिडाचा फ्लायव्हील त्या वेगासाठी बनवलेले नाहीत. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे चालवणाऱ्याच्या पायाशी येतात. ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरच्या पाकळीला थेट न जोडता गव्हर्नरच्या स्प्रिंगकडच्या लिव्हरला जोडा.

शंभर सीसी बाईकचं इंजिन

सीडी १०० किंवा स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन. चार गिअर, हातचा क्लच, तेलाचा स्वतःचा पंप, आणि क्लच प्लेटपासून पिस्टन रिंगपर्यंत सगळं तालुक्याच्या गावात मिळतं. पहिल्या गिअरमध्ये, पुढे १४ आणि मागे ४४ दाते ठेवले तर एकूण प्रमाण सुमारे ३७ येतं. २००० आरपीएमला रिक्षाच्या चाकावर वेग पडतो ताशी सव्वाचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका, तोही क्लच पूर्ण सोडून. चौथ्यात ७००० आरपीएमला ताशी ४८ च्या आसपास. शेत आणि डोंगर, दोन्हीकडे हेच इंजिन खरं काम करतं. ज्याला आयुष्यात एकच मिनी बाईक बनवायची आहे आणि चढाचं रान आहे, त्यानं दुसरीकडे बघू नये.

किंमत मोजावी लागते ती बनवण्याच्या कष्टात. बैठक सपाट नाही. इंजिन वरच्या आणि मागच्या बोल्टांवर टांगलेलं असतं, त्यामुळे मूळ चासीचे कान कापून आणणं सगळ्यांत सोपं. चक्र डाव्या बाजूला आहे आणि रिक्षाचा टायर रुंद, म्हणून चेन टायरला घासते. टायर आणि चेनमध्ये किमान १० मिमी जागा राहील इतकं मागचं चक्र बाहेर काढावं लागतं आणि इंजिन थोडं डावीकडे सरकवावं लागतं. चक्राखाली ६ ते ८ मिमीच्या एमएस (साध्या पोलादी) प्लेटचा ॲडॅप्टर लेथवर करून घ्या आणि तो हबच्या मधल्या कडेवर नेमका बसवा, नुसता बोल्टांच्या भोकांवर नाही. चक्र एक मिमीपेक्षा जास्त डोललं की चेन एका जागी ताणलेली, दुसऱ्या जागी सैल, आणि खड्ड्यात उतरलीच.

या इंजिनाला पंखा नाही. हळू चालवत राहिलात तर वारा लागत नाही आणि ते तापतं. इंजिनापुढे आडवा पत्रा किंवा मडगार्डची खालची झालर ठेवू नका, आणि तासभर चढ-उतार झाले की थांबून गार होऊ द्या. जुन्या मॉडेलात सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) करंट थेट मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनावरच फिरणाऱ्या छोट्या जनित्रातून येतो, बॅटरीशिवाय किक मारून सुरू होतं. नंतरच्या काहींत बॅटरी लागते. भंगारवाल्याकडून इंजिनाबरोबर सीडीआय, इग्निशन कॉइल आणि वायरिंगचा गुच्छा एकाच गाडीचा घ्या.

मोपेडचं इंजिन

टीव्हीएस एक्सएल सुपरचं ६९.९ सीसी टू-स्ट्रोक किंवा एक्सएल १०० चं ९९.७ सीसी फोर-स्ट्रोक. आपोआप पकडणारा क्लच आणि वेग कमी करणारी गिअरची चाकं आतच. ही गाडी मुळात ओझं ओढायला बनवलेली, त्यामुळे पंपाच्या इंजिनापेक्षा कमी वेगात बरी चालते. त्यातून मूळ १६ इंची चाकाऐवजी रिक्षाचं बसवलं की गिअरिंग आपोआप जवळपास एक चतुर्थांश खाली येतं, ज्यासाठी तुम्हाला दमडी खर्चावी लागत नाही. पहिल्यांदाच बनवणाऱ्यासाठी आणि घरातल्या पोरांसाठी आम्ही हेच सुचवू. टू-स्ट्रोक घेतलंत तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळणं चुकवू नका. विसरलात तर पिस्टन चिकटतो. मोपेड अख्खी मिळाली तर पुढचा फोर्क, हँडल, ब्रेकचे ड्रम आणि केबलीही कामी येतात.

स्कूटरचं मागचं युनिट, म्हणजे इंजिन, व्हेरिएटर (बेल्टवर आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा) आणि चाक एकसंध, हाही पर्याय दिसतो. चेनची कटकट नाही, बनवायला सगळ्यांत झटपट. पण वजन सगळं मागे, चढावर पुढचं चाक उचलतं, आणि बेल्टच्या खोक्यात पाणी गेलं की बेल्ट घसरतो. कोरड्या माळासाठी ठीक, ओढ्यासाठी नाही.

इलेक्ट्रिक मोटर

४८ व्होल्ट, १००० वॉटची ब्रशची मोटर आणि कंट्रोलर. हळू चालण्यात हिला तोड नाही: शून्यापासून पूर्ण ओढ, क्लचच नाही, आवाज नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. अडचण बॅटरीची. ई-रिक्षाच्या जुन्या बॅटऱ्या स्वस्तात मिळतात, पण चारांचं मिळून वजन शंभर किलोच्या घरात जातं. मिनी बाईकवर त्या नकोतच. १२ व्होल्ट २० एएचच्या चार लेड-ॲसिड घेतल्या तर कागदावर ९६० वॉट-तास, हाती निम्मे. मातीत ते अर्धा-पाऊण तास पुरतात. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून पॅक बनवायचा मोह टाळा. एक खराब सेल अख्खा पॅक पेटवतो. बॅटरीच्या टर्मिनललगत ५० ॲम्पियरचा फ्यूज हवाच, कंट्रोलरजवळ नाही. अंगण, फार्महाऊस, छोटी फेरी यासाठी ही उत्तम. दिवसभर रानात फिरायचं असेल तर नाही.

सांगाडा: सायकल, जीआय की ईआरडब्ल्यू

इंजिन कुठलंही घ्या, सायकलची फ्रेम घेऊ नका. तिच्या नळीची जाडी साधारण एक मिमी. हँडलच्या पाइपाखाली तडा जातो आणि तो न सांगता जातो. प्लंबिंगचा पाऊण इंची बी-क्लास जीआय पाईप (बाहेरून २६.९ मिमी, जाडी २.६) मजबूत आहे, पण जस्ताचा थर वेल्डिंगच्या जागी दोन इंच घासून काढल्याशिवाय वेल्ड करू नका. तो धूर अंगात गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, आणि जोडातही बुडबुडे राहतात. सगळ्यांत सरळ काम २५ मिमी, २ मिमी जाडीच्या ईआरडब्ल्यू (पोलादी पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेल्या) पाइपाचं. सहा मीटरची एक नळी सात किलोच्या आत भरते आणि साध्या सांगाड्याला पुरते.

हँडलचा पाईप मात्र नवा करू नका. जुन्या बाईकच्या चासीतून तो कोनसेटसकट (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगांसकट) आणि मागे दीडशे मिमी नळी ठेवून कापा. त्या नळीच्या आत घट्ट बसणारा तुकडा सरकवा, नवा पाईप त्यावर चढवा, दोन्हीकडे भोकं पाडून आतला तुकडाही वेल्डनं पकडा, आणि खाली ३ मिमी पत्र्याचा त्रिकोण द्या. हँडलच्या पाइपाचा कोन उभ्यापासून २५ ते २८ अंश, दोन चाकांमधलं अंतर एक मीटर ते १.१५, पोटाखाली किमान १८ सेंटिमीटर. आधी जमिनीवर खडूनं खऱ्या मापात आखून चाकं आणि इंजिन त्यावर ठेवून बघा. सगळे जोड आधी टाचा मारून पकडा, मग आलटून पालटून भरा. एकाच बाजूनं भरत गेलात तर सांगाडा ओढला जातो. दोन मिमीच्या नळीला अडीच मिमीचा ६०१३ वेल्डिंग रॉड, ६० ते ८० ॲम्पियर. ३.१५ च्या रॉडनं नळीला भोक पडतं.

रिक्षाची किंवा स्कूटरची रिम दोन अर्ध्यांची असते. नट खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. हवा असताना दोन अर्धे जोडणारे नट सोडले तर रिम अंगावर उडते. ट्यूबच्या टायरमध्ये १५ पीएसआयच्या खाली जाऊ नका. टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह उपटतो.

ब्रेक दोन्ही चाकांना हवेत, आणि हँडलवर इंजिन बंद करायचं बटण. पेट्रोल इंजिनात मॅग्नेटोची वायर अर्थ झाली की ते बंद होतं. त्या बटणाला मनगटाची दोरी जोडा. चेन आणि मधल्या शाफ्टवर पत्र्याचं झाकण घाला, बोटं आणि पँटचे पाय तिथेच अडकतात.

सामानासाठी पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि कोल्हापुरात लेथच्या कामाला शिवाजी उद्यमनगर, या जागा कुणीही सांगेल. इंजिन कुठूनही घ्या, त्यावरचा नंबर आणि विकणाऱ्याची पावती हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर अडचण तुमची होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि अशी घरची गाडी नोंदली जात नाही. ती स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या रानातच चालवायची.

पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबा. चेन आता सैल झालेली असेल. मधोमध दाबून २० ते २५ मिमी खेळ ठेवून ताणा. इंजिनाचे चारही बोल्ट आवळा, आणि हँडलच्या पाइपाखालचा जोड फडक्यानं पुसून रंगात केसाएवढी रेघ तर उमटलेली नाही ना, हे उजेडात बघा.